गडग्यापलीकडचे पाढे

आमची शाळा म्हणजे इगर्जीची, चर्चची, पडवी. वर मंगलोरी कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि एका टोकाला बाईंची खुर्ची, जिचा एक पाय नारळाच्या करवंटीवर टेकवलेला. दाराशी एका फुटक्या पडावावरची, जुन्या मोठ्या होडीवरची, घंटा टांगलेली. पाद्री तालुक्याहून महिन्यातून एकदा येत आणि मिसची प्रार्थना म्हणून जात. बाकीचे दिवस तिथे बाईंचंच राज्य. बाई एक आणि इयत्ता तीन. पहिलीला त्या लिहायला लावत, दुसरीला वाचायला, आणि तिसरीकडे नुसतं बघत. त्यांचं ते बघणं आम्हाला पुरत असे.

मालवणच्या उत्तरेकडचा खाडीकाठचा आमचा गाव. तिथे किरिस्तांवांची घरं थोडी, त्यामुळे शाळेत आम्ही हिंदू मुलंच जास्त. सकाळी बाई प्रार्थना सांगत, आम्हीही हात जोडून म्हणत असू. कुणाच्या घरून कधी तक्रार आली नाही. तक्रार असायची ती खाण्याची. नाताळात बाईंच्या घरी नारळ-गुळाचं दोदोल व्हायचं आणि वास थेट आमच्या खळ्यात यायचा, पण त्यांच्या हातचं शिजवलेलं आमच्या घरी चालत नसे. बाईंना ते ठाऊक होतं. त्या आम्हाला सालासकट केळी वाटत. सालाच्या आतल्या केळ्याला बाट लागत नाही, असा मोठ्यांचा हिशेब. मला त्या हिशेबाचा भारी राग यायचा, कारण मला दोदोल हवं होतं.

आमचं घर शाळेला लागून. मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. गडग्याच्या अलीकडे आईचं जातं, भात कांडायचं वायन आणि गुरांची दावण. बाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळे घर, शेत, म्हस सगळं आईच्या अंगावर. शाळेत पाढे सुरू झाले की पलीकडून जात्याची घरघर ऐकू यायची. आम्ही एका लयीत म्हणायचो, पाढा संपला की बाई छडी टेबलावर दोनदा वाजवायच्या, आणि पुढचा सुरू. हे सगळं इतकं रोजचं होतं की त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मी तिसरीत होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शाळेत तिसरीपुढे वर्ग नव्हता. चौथीसाठी खाडी ओलांडून पलीकडच्या गावी जायचं, तेही तरीच्या होडीतून. मुलगे जात. मुली घरी बसत, गुरं राखत आणि लग्नाची वाट बघत. आईने माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता.

"चेडवाक चवथी कित्याक व्हयी? हयच वर्ग झालो तर बघू. तरीत बसवन पलाड मी धाडूचंय नाय."

आई एकदा नाही म्हणाली की नाही. मी रडले, जेवले नाही, म्हशीला चारा घातला नाही. म्हशीचा काय दोष, म्हणून पाठीत धपाटा मिळाला. आता सगळी आशा डिपोटींवर होती. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आमच्याकडे डिपोटी म्हणत. त्यांनी येऊन मुलं बघावीत, प्रश्न विचारावेत, आणि मनाला आलं तर चौथी उघडायला मान्यता द्यावी, असं ठरलं होतं. ते पुन्हा दोन-तीन वर्षं फिरकणार नव्हते, आणि तोवर माझ्या हातात म्हशीची दोरी पक्की बसली असती. बाईंनी दोन महिने आमच्याकडून पाढे घोटून घेतले. पावकी, निमकी झाली. दीडचा पाढा म्हणजे दिडकी, तीही झाली.

आणि साहेब यायचे नेमक्या त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

आमच्या बाजूच्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळा गाव उठतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळी शिवेबाहेर. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गाव तेवढे दिवस देवाचा आणि त्याच्या गणांचा. शिवेपलीकडे माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहायचं आणि परतीचा कौल मिळाला की घरी यायचं. यात जातधर्म नाही. पूर्वीपासून किरिस्तांवांची घरंही उठत आली. आम्हा पोरांना ती जत्राच वाटायची.

बाईंनी डिपोटींच्या कचेरीला गाव उठल्याचं कार्ड टाकलं, पण आमच्याकडचं टपाल कसं चालायचं ते आम्हाला ठाऊक होतं. शेवटी त्यांनी फळा काढला, डोक्यावर घेतला आणि मुलांची रांग लावून सगळ्यांबरोबर निघाल्या. वाटेत गावच्या मानकऱ्याने विचारलं, "बाईनूं, फळो कित्याक?"

"गाव भायर तर शाळाय भायर," बाई म्हणाल्या.

व्हाळ म्हणजे आमच्या शिवेवरचा ओढा; त्याच्या पलीकडे काजूखाली शाळा भरली. साहेब मोटाररस्त्यानेच येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, म्हणून रस्त्यावर दोन माणसं बसवली. बाईंनी नवं पांढरं लुगडं नेसून खांद्याला पिन लावली. आम्ही पाट्या ओल्या चिंधीने पुसून पुसून काळ्या कुळकुळीत केल्या. ऊन वर आलं तरी साहेबांचा पत्ता नाही.

मग गावात घंटा वाजली.

गावात माणूस नाही, मांजर नाही, आणि घंटा वाजतेय. बायकांनी पोरं पोटाशी धरली. एका म्हाताऱ्याने हातातला विडा टाकून दिला. मानकऱ्याने घाईघाईने नारळ पुढे धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, लेकरांचा काय चुकला-माकला आसात तर..." आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणू लागला. मीही म्हणत होते, डोळे गच्च मिटून.

बाई तेवढ्या उठून उभ्या राहिल्या.

"ती आमची घंटा," त्या म्हणाल्या. "फुटक्या पडावावरची. मी रोज वाजवतंय, माका आवाज कळता. साहेब होडयेन इलेहत."

तेच झालं होतं. घाटावरचे साहेब, त्यांना गावपळण काय माहीत? होडीने खाडीतून थेट धक्क्यावर उतरले, सुन्या वाडीतून चालत शाळेत आले आणि मुलं जमवायला घंटा वाजवत बसले. आता आत जाऊन त्यांना आणायचं कुणी? कौल मिळेपर्यंत शीव ओलांडायची नाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बाईनूं, तुमका खंयचो कौल? तुमी जावा."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. आज मला कळतं की ते बोलणं साधं नव्हतं. त्या गेल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं, पण पुढे कधी कुणाची म्हस आटली तरी खापर त्यांच्यावर फुटलं असतं, आणि पडवी हळूहळू रिकामी झाली असती. तेव्हा मला यातलं काहीच सुचलं नाही. मला वाटत होतं, बाईंनी धावत जावं. माझी चौथी तिकडे बसली होती आणि आता कंटाळून होडीत चढणार होती.

"हाक तरी मारूया," मी रडत म्हटलं.

मानकरी माझ्यावर खेकसला. रिकाम्या गावाला हाक मारायची नसते. ओ कोण देईल याचा नेम नसतो.

बाई क्षणभर गावाकडे बघत राहिल्या. सकाळचा वारा डोंगराकडून समुद्राकडे, म्हणजे आमच्याकडून गावाकडे, चालला होता. मग त्यांनी मानकऱ्याला विचारलं, "पाडे म्हटले तर चलात? पाडे म्हणजे हाक न्हय."

मानकऱ्याने डोकं खाजवलं, देवाच्या दिशेने बघितलं, आणि म्हणाला, "पाडे म्हणूक देवाचा काय जाता?"

बाईंनी आम्हाला व्हाळाच्या काठावर उभं केलं आणि छडी उचलली. "बे एके बे!" आम्ही ओरडलो. "बे दुणे चार!" मळ्यावरचे बगळे उडाले. तीन, चार, पाच. आमच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. शाळा सोडून गेलेले मोठे मुलगे येऊन मिळाले, मग दुकानदार, मग तरीवाला. दहाच्या पुढे लहान मुलं गळली. विसाच्या पुढे माझाही घसा बसला. घंटा थांबली होती, पण मळ्यात कुणी दिसत नव्हतं. होडी सुटली असेल, असं मला वाटलं.

बाईंनी दिडकी धरली. ती येणारे मोजकेच, आणि त्यांचे आवाज फाटलेले. तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज उठला. मी वळून बघितलं तर आई. खोपीपुढच्या चुलीपाशी उकिडवी बसलेली, आमच्याकडे पाठ, हातात भात ढवळायची डवली. भाताच्या टोपाकडे बघत ती दिडकी म्हणत होती. बाईंच्याच लयीत, बाई थांबतात तिथेच थांबून. दिडकी संपली तेव्हा तिने डवली झाकणावर दोनदा वाजवली, आणि अडीचकी सुरू केली. अडीचकी बाईंनी आम्हाला अजून शिकवली नव्हती. ती आमच्या आधीची पोरं पडवीत म्हणायची.

आईला अक्षरओळख नव्हती. बाबांचं पत्र ती बाईंकडून वाचून घ्यायची. मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिले. मला अभिमान वाटला, आणि का कोण जाणे, रडूही आलं.

साहेब आले. एका हातात वहाणा, दुसऱ्यात छत्री, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. संतापून आले होते. पण बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि तरीवाल्याने शहाळं पुढे केलं, तेव्हा काजूच्या मुळीवर बसून हसायला लागले. परीक्षा तिथेच झाली. शेवटी त्यांनी चुलीकडे बोट केलं.

"या बाई कितवी शिकल्या?"

"त्या शाळेत कधी आल्या नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या. "गडग्यापलीकडे राहतात."

साहेबांनी आईलाच विचारलं, "मग सांगा बघू. सात माणसं आहेत. प्रत्येकाला दीड दीड भाकरी. एकूण किती भाकऱ्या कराल?"

आईने पदर डोक्यावर ओढला. "पोटाक लागतीत तितक्यो, साहेबानूं."

सगळे खो खो हसले. साहेबही हसले. आई हसली नाही. खाली बघत हळूच म्हणाली, "माका म्हणूक येता. समाजणा नाय."

साहेबांचं हसू मावळलं.

जूनमध्ये चौथी उघडली. आईने एका शब्दाने खळखळ केली नाही. माझी वेणी घट्ट बांधली, पाटी हातात दिली आणि म्हणाली, "जा. आणि मोठ्यान बोल."

बाईंनी चौथीला गडग्याच्या कडेला बसवलं. आणि एक नवीनच खोड काढली: गणित सुटलं की ते कसं सुटलं, हे उभं राहून मोठ्याने सांगायचं. आधी सुपाऱ्या मांडून, मग भाकऱ्या धरून. इतकं सोपं पुन्हा पुन्हा का सांगायचं म्हणून मी कुरकुरायचे. मी सांगू लागले की पलीकडचं जातं थांबायचं. माझ्या ते ध्यानात यायचं, पण दळण संपलं असेल म्हणून मी सोडून द्यायचे.

भातकापणी उरकली होती त्या सुमाराला, एका संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मग तव्यावरची भाकरी परतत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "साडेधा."

"काय साडेधा, आये?"

"भाकऱ्यो. सात माणसांका," ती म्हणाली. "त्या साहेबाक सांगूचा रवला."