पलीकडे उघडणारी खिडकी

वहिनींना आमच्या ऑफिसात सगळे वहिनीच म्हणतात. कुरियरवाला म्हणतो, पाण्याचे जार टाकणारा म्हणतो, खालच्या झेरॉक्सवाल्याचे वडील सत्तरी ओलांडलेले आहेत, तेही म्हणतात. ज्यांच्यामुळे त्या वहिनी झाल्या त्या दादांना मात्र मी कधी पाहिलं नाही. मी इथे लागलो तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची खुर्ची रिकामी होती आणि ऑफिसात दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ती मला मिळाली. आधी नोकरी मिळाली की आधी खुर्ची, याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही.

दोन खोल्या आणि एक लांब टेबल, एवढाच पसारा. टेबलाच्या एका बाजूला वहिनी, समोरच्या बाजूला मी, आणि मध्ये आमच्या दोघांच्या स्क्रीन पाठीला पाठ लावून उभ्या, भांडण झाल्यासारख्या. आतल्या खोलीत धाकटे. धाकटे म्हणजे दादांचे भाऊ, आता ऑफिसचे मालक. आम्ही चष्म्याच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम बनवतो. कोणाचा नंबर किती, कुठली फ्रेम संपली, कोणाला डोळे तपासायची आठवण करायची, असल्या गोष्टी त्यात असतात. आतली यंत्रणा दादांनी लिहिलेली. वरचा चेहरा वहिनींचा, आणि त्या चेहऱ्यातही त्यांचा जीव एकाच ठिकाणी: सेटिंग्जच्या खिडकीत.

ही खिडकी म्हणजे प्रोग्रॅमला कसं वागायचं ते सांगायची जागा. अक्षरं मोठी हवीत की लहान, पावती कुठल्या प्रिंटरवर, आठवण किती दिवस आधी, आणि सगळ्यात खाली दोन बटणं: ‘ओके’ आणि ‘रद्द करा’. दुकानदार ती आयुष्यात एकदा उघडतो, तीही चुकून, आणि मग मला फोन करतो. वहिनींनी तिच्यावर अकरा वर्षं घालवली. ‘पावती आपोआप छापा’ हे वाक्य खोडून ‘छापण्याआधी मला विचारा’ असं करायला त्यांना दोन दिवस लागल्याचं मी स्वतः बघितलंय. का, असं विचारलं तर म्हणाल्या, “माणसाला विचारलेलं बरं वाटतं रे.”

माझं काम फोन घेण्याचं. त्यात एक तक्रार अशी होती की ती ऐकताना मलाच कसंतरी व्हायचं.

“अहो, सेटिंग्ज दाबलं की सगळं गोठतंय.”

“आवाज येतोय का?”

“येतोय ना. कुठेही दाबा, टुंग!”

“मग गोठलेलं नाही. खिडकी उघडलीये, तुमच्या उत्तराची वाट बघतेय.”

“कुठंय?”

“डावीकडे असेल.”

“डावीकडे भिंत आहे.”

“त्याआधी काय होतं?”

“दुसरी स्क्रीन होती. मुलगा वेगळा राहायला गेला, तेव्हा घेऊन गेला.”

“तिथेच उघडलीये.”

“हे बघ, मी चष्मे विकतो. मला वेड्यात काढू नकोस.”

पण खरंच तसंच होतं. खिडकी शेवटची जिथे मिटली ती जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी नेमकी तिथेच उघडायची, अशी वहिनींची रीत. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडावी, असं त्यांचं म्हणणं. फक्त ती जागा अजून शिल्लक आहे का, हे खिडकी कधी विचारायची नाही. यावर उपाय चार ओळींचा होता: उघडण्याआधी बघायचं, ही जागा कुठल्या स्क्रीनवर आहे का, नसेल तर खिडकी समोरच्या स्क्रीनच्या मधोमध आणायची. मी दर आठवड्याला आठवण करायचो आणि वहिनी दर आठवड्याला म्हणायच्या, “करते.”

का करत नाहीत, हे एका सकाळी कळलं. वहिनींनी त्यांच्या मशीनवर सेटिंग्ज उघडलं. चेहऱ्यावरचा उजेड जरा मंदावला, म्हणजे मागची मुख्य खिडकी फिकी पडली होती. त्यांनी माऊसवरचा हात काढला आणि स्क्रीनवरून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली. मी शर्टाची बटणं चाचपली. सगळी लागलेली होती. त्या तशाच थांबल्या, एक शब्द बोलायला लागतो तेवढा वेळ. मग हळूच म्हणाल्या, “बरं.” एंटर दाबलं आणि कामाला लागल्या.

मी तर काहीच बोललो नव्हतो.

आत जाऊन धाकट्यांना विचारलं. ते जरा वेळ पेन उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, “तिच्या मशीनची एक तार टेबलाखालून तुझ्या बाजूला यायची. तिथे एक छोटी स्क्रीन होती, दादाच्या समोर. खिडकीत काही बदल केला की वहिनी ती आपल्या स्क्रीनच्या डाव्या कडेबाहेर सरकवायची, ती पलीकडे दादापुढे निघायची. दादा बघायचा आणि म्हणायचा, ‘ठीक.’ मग ती इकडूनच एंटर दाबायची.”

“एवढंच?”

“एवढंच. दिवसभरात दोघं तेवढंच बोलायची. दादा गेल्यावर मी ती स्क्रीन माळ्यावर टाकली. तुला डबा ठेवायला जागा नको?”

“म्हणजे ती खिडकी अजून माझ्या छातीवर उघडते?”

“पोटावर म्हण,” धाकटे म्हणाले. “दादा बुटका होता.”

हसलो खरा, पण त्यानंतर बरेच दिवस मी खुर्चीत जरा कडेला बसायचो. वहिनींच्या चेहऱ्यावरचा उजेड मंदावला की हातातलं काम आपोआप थांबायचं. कोणाच्या तरी नजरेच्या आड येतोय असं वाटायचं. फोन चालू असला तर आवाज खाली यायचा. तेवढ्या वेळात त्या जागी जे काही चाललं असेल ते चालायचं, आणि मग “बरं” ऐकू आलं की मी पुन्हा श्वास घ्यायचो.

अशात बऱ्याच दुकानांचा एक मोठा मालक आमचा प्रोग्रॅम घ्यायला तयार झाला. त्याची अट एकच होती: ती हरवणारी खिडकी आधी दुरुस्त करा. धाकटे वहिनींच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“वहिनी, हा माणूस गेला तर ऑफिसला कुलूप लावायची वेळ आहे. लपवण्यात अर्थ नाही. बाकी सगळं झालंय, त्या चार ओळी तेवढ्या राहिल्यात.”

“त्या लिहिल्या की माझ्या मशीनवरही खिडकी मध्येच उघडेल, भाऊजी.”

“मग चांगलंच की.”

“मग ती ह्यांच्यापुढे नाही ना उघडणार.”

बोलल्या अगदी साध्या आवाजात, पेन संपलंय असं सांगावं तसं. धाकट्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कीबोर्डकडे.

“वहिनी, तिकडे हा बसतो.”

“कोण बसतो ते मला दिसतं. मी वेडी नाही.” मग जरा वेळाने, “मी दाखवते, ते बघतात. एवढं एकच राहिलंय. तेही काढायचं असेल तर सांगा.”

धाकट्यांचा चेहरा उतरला, पण ते हटले नाहीत. “उद्या नाही झालं तर मी बाहेरून कोणाकडून तरी करून घेणार.”

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या त्याच मुळी ठरवून. “बाहेरच्याचा हात नको त्या खिडकीला,” म्हणाल्या. “मीच लिहिते. पण तपासायला दुसरी स्क्रीन लागेल. जोडून, खिडकी तिच्यावर नेऊन, मग तार ओढून बघायला हवं. ती माळ्यावरची काढा.”

धाकट्यांनी ती स्वतः उतरवली, रुमालाने पुसली. मी टेबलाखाली शिरून तार इकडे आणली आणि स्क्रीन माझ्यापुढे ठेवली. जुनीपुराणी, चौकोनी, कोपऱ्यात पिवळट. वहिनींनी पलीकडून सेटिंग्ज दाबलं आणि ज्या जागेला बिचकून मी इतके दिवस तिरका बसत होतो, त्या जागी ती खिडकी समोर येऊन उभी राहिली.

“आली?” वहिनींनी विचारलं.

“आली.”

“कशी दिसतेय?”

त्या खुर्चीचं उत्तर ठरलेलं होतं. मला ते माहीतही होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

“वहिनी, खालचं दिसत नाहीये.”

“खालचं म्हणजे?”

“आठवणीच्या ओळीपर्यंत दिसतंय. तीही निम्मी कापलेली. त्याखाली काही नाही. ओके नाही, रद्द नाही.”

“स्क्रीन बिघडली असेल.”

“स्क्रीन चांगली आहे. लहान आहे. खिडकी तिच्यात मावत नाही.”

वहिनी उठल्या. मी आल्यापासून त्या टेबलाच्या या बाजूला कधी आल्या नव्हत्या. पाणी प्यायलासुद्धा लांबच्या बाजूने जायच्या. आता वळसा घालून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, त्याचा भार मला जाणवला.

“ही खिडकी जुनीच आहे ना?” धाकट्यांनी विचारलं. “दादाच्या वेळची?”

“तीच. उंची मी कधी बदललीच नाही.”

“मग दादाला कायम...”

“अर्धीच दिसत होती,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यापासून. आणि ठीक म्हणत होते.”

धाकटे उगाचच हसले. “दादाला सगळं अर्धं पुरायचं. सिनेमासुद्धा मध्यंतरात उठून...”

“हसू नका, भाऊजी. ‘बटणं दिसत नाहीत’ एवढंच म्हणायचं होतं. ही स्क्रीन मी आणली होती, हौसेने. तार मीच ओढली होती. म्हणायला काय झालं होतं?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून,” मी म्हणालो.

“तुला कोणी विचारलं?”

खुर्चीवरचा हात मात्र निघाला नाही. त्या स्क्रीनकडेच बघत होत्या, कापलेल्या त्या ओळीकडे.

“मग इतकी वर्षं मी दाखवत होते,” त्या म्हणाल्या, “ते बघत कोण होतं?”

धाकटे रुमालाची घडी घालायला लागले, आणि मला बोलायची बंदी होती. वहिनी परत आपल्या जागी गेल्या आणि त्यांनी त्या चार ओळी लिहिल्या. रागाने लिहिल्या. बटणांचा आवाज आतल्या खोलीपर्यंत जात होता. मग म्हणाल्या, “ओढ.” मी तार ओढली. माझ्यासमोरची स्क्रीन काळी झाली आणि तिच्यात माझं तोंड दिसलं. वहिनींनी पुन्हा सेटिंग्ज दाबलं. खिडकी त्यांच्या स्क्रीनवर उघडली. मला ती दिसली नाही, वहिनींच्या चष्म्याच्या काचांत एक पांढरा चौकोन उमटला तेवढा दिसला.

धाकट्यांनी वाकून बघितलं. “मस्त. अगदी मधोमध.”

त्या मोठ्या मालकाने प्रोग्रॅम घेतला. माझे फोन निम्म्यावर आले. ही गोष्ट धाकट्यांच्या लक्षात येऊ नये याची मी काळजी घेतो. छोटी स्क्रीन पुन्हा माळ्यावर गेली. मी खुर्चीत सरळ बसायला लागलो. आता इकडे कोणी बघत नव्हतं.

पण काही दिवसांनी ध्यानात आलं की वहिनी सरळ बसत नाहीत. त्यांनी आपली खुर्ची उजवीकडे सरकवली होती, चांगली हातभर. खिडकी उघडली की त्या टेबलाच्या कोपऱ्याला चिकटून, मान तिरकी करून तिच्याकडे बघायच्या. स्क्रीनच्या ऐन समोर त्यांच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी मोकळी जागा.

शेवटी न राहवून मी म्हणालो, “वहिनी, जरा मध्ये सरका की. मान धरेल अशाने.”

“मध्ये कुठे सरकू?” त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. “नीट बघू दे त्यांना. आत्ता कुठे पूर्ण दिसतेय.”