पाण्याला हात लावू नये

इथं परदेशात, सेरंगूनला, आमच्या कॉन्डो सोसायटीच्या आवारात पावसाचं एक शिल्प आहे. स्टीलच्या उंच, बारीक कांड्यांवरून पाणी ओघळतं आणि खालच्या दगडी कुंडात पडतं. ते घडवणारी बाई हवाई बेटांवरची. उद्घाटनाला तिनं सांगितलं होतं, त्यांच्या भाषेत पाणी म्हणजे 'वाय' आणि संपत्ती म्हणजे 'वायवाय'. लहानमोठ्या सगळ्यांचा हात पोहोचावा म्हणून तिनं कुंडाचा काठ मुद्दाम खाली ठेवला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढं कमिटीनं कुंडाभोवती दोर बांधला, पाटी लावली: पाण्याला हात लावू नये. कारण काय, तर रंगकामाला आलेले मजूर दुपारी तिथं तोंड धुतात.

त्याच सुमारास बाबा लातूरहून माझ्याकडे आले. संध्याकाळी फिरताना त्यांनी दोरावरून सहज वाकून पाण्यात बोटं बुडवली. सिक्युरिटीवाला लांबूनच म्हणाला, "अंकल, नो टचिंग."

चटका बसावा तसा बाबांनी हात मागे घेतला. शर्टाला पुसला. "सॉरी," म्हणाले.

माझे बाबा हेडमास्तर होते. कुणापुढे मान खाली घालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीपाशी ते माझ्या आजीबरोबर लांब उभे राहायचे, कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत. हात इतक्या झटक्यात मागे घेणं ते तिथंच शिकले होते. माझं डोकं सणकलं.

कमिटीतला एकजण तिथंच होता. पुण्याचा, आपला मराठी माणूस. समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकांसाठी नाही हो. नियम त्या लोकांसाठी आहे."

"कुठल्या लोकांसाठी?" मी विचारलं.

तो फोनमध्ये बघायला लागला. बाबा हलकेच म्हणाले, घरी चल. मी गेले नाही. दोर ओलांडून काठावर बसले आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पाण्यात घातले. "या बाबा," म्हटलं. ते बराच वेळ उभे राहिले, मग आले. ओंजळ भरून त्यांनी तोंड धुतलं. सिक्युरिटीवाल्यानं पाठ फिरवली.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला. उत्तर आलं, "हायजीन." दोर काढायचा का यावर मतदान झालं, मी हरले. दोर अजून तिथंच आहे. तो पुण्याचा माणूस लिफ्टमध्ये भेटला की हसून नमस्कार करतो. मी करत नाही.