पट्ट्याच्या कड्या

सकाळी धावताना आणि एरवी ऑफिसात, दोन्हीकडे चालेल असं एकच घड्याळ मी निवडत होतो. मनगटावर बांधताच ते माझे ठोके मोजू लागलं आणि मी खूश झालो. शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस आपल्या घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्यातल्या कड्या कमी करून घेत होता. हात वर केला की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं.

"महिन्यात दुसऱ्यांदा," तो मला म्हणाला. "मीही धावायचो."

दुकानदारानं काढलेल्या कड्या पुडीत बांधून दिल्या. "जपून ठेवा साहेब. अंग भरलं की परत लावून देतो."

घड्याळ घेताना आपण किती वर्षं गृहीत धरतो! वॉरंटी विचारतो ती फक्त घड्याळाची.

तो हसला, निघून गेला. पुडी काउंटरवरच राहिली. दुकानदारानं ती पाहिली, मीही पाहिली. हाक कुणीच मारली नाही.