समोरच्यांकडची किल्ली

समोरच्या देवस्थळी वहिनी काल आमच्या घराची जादा किल्ली परत द्यायला आल्या. बारा वर्षं ती त्यांच्याकडे खिळ्याला असायची. तिचा लाल दोरा माझ्या पत्नीने बांधलेला. ती गेल्या वर्षी गेली. देवस्थळी दोघे आता कायमचे पोर्तुगालला चालले आहेत.

"तिकडे सगळं स्वस्त, भावजी, आणि भीती कसलीच नाही. कडी लावली नाही तरी चालतं म्हणे."

"मग कुलूपवाल्यांचं अवघड आहे."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एकटे असता. किल्ली कुणाकडे तरी ठेवा हं."

निर्धास्तपणा शोधायला माणसं केवढी लांब जातात. माझा समोरच्या दारामागे टांगलेला होता. मजल्यावर तिसरं घर नाही. किल्ली मी आमच्याच खिळ्याला अडकवली. एखाद्या सकाळी मला उठून दार उघडता आलं नाही, तर तीही माझ्यासोबत आतच असेल.