महारोगाच्या यादीतली माणसं

आम्हा डॉक्टरांची चार डोकी एकत्र जमली की पहिल्या चहाला रोगांच्या गप्पा होतात आणि दुसऱ्या चहाला आपापल्या फजित्या बाहेर पडतात. इतरांच्या फजित्या ऑपरेशनच्या असतात. माझ्या सगळ्या यादीच्या! चाळीस गावं हिंडलेल्या माणसाकडे त्या न जमवता साठतात.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नागपूरला एम.डी. करत होतो. थिसिसचा विषय महारोग. वर्षानुवर्षं हळूहळू चालणारा हा आजार कुठल्या गावात, कुठल्या घरात, कोणाला होतो, ते घरोघर जाऊन शोधायचं आणि गावागावाची यादी करायची; गोळ्याही पुढे त्याच यादीवरून वाटल्या जायच्या. जिल्हा यवतमाळ. जोडीला आर्णीचा मेश्राम, माझ्याच वर्गातला. आमच्या सरांचं म्हणणं एकच, ‘यादीतला प्रत्येक माणूस डोळ्यांनी बघायचा. जो सापडत नाही, रोग त्यालाच असतो!’ एक जरी माणूस राहिला तरी थिसिस परत, म्हणजे वर्ष बुडालं. मी मुळात घाबरट. ते दोन हिवाळे मी रोज रात्री यादी पुन्हा मोजायचो.

तपासणी मात्र अगदी साधी. या रोगात चट्ट्याच्या जागेची संवेदना जाते. माणसानं डोळे मिटायचे, आपण कापसाचा पुंजका टेकवायचा, त्यानं ‘लागलं’ म्हणायचं. झालं!

•

हा विषय शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच महारोग होतो. मलाही झाला. आर्णीच्या रेस्ट हाउसात दुपारी आंघोळ करताना दंडावर फिकट चट्टा दिसला. मेश्रामला हाक मारली, खुर्चीत बसलो, डोळे गच्च मिटले.

काहीच लागेना. मिनिट गेलं, दोन गेली. दरदरून घाम सुटला. माझं लग्न ठरलं होतं. मुलीच्या वडिलांना पाठवायच्या पत्राची पहिली दोन वाक्यं मनात जुळलीसुद्धा.

“मेश्राम, मला काहीच लागत नाही रे!”

खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, “लागन कसं? मी अजून कापूसच शोधून राह्यलो!”

आख्खा जिल्हा कापसाचा आणि आमच्या बॅगेत पुंजका नाही! शेवटी उशी उसवली. चट्टा साध्या शिब्याचा निघाला. ती दोन वाक्यं मात्र मला अजून पाठ आहेत.

•

राळेगावकडचं एक गाव. वेचणीचे दिवस, माणसं उजाडतानाच वावरात. तरी शाळेत तपासणीला रांग लागली, म्हणून मी खूश. सातव्या माणसानं सदरा काढला आणि त्याच्या पाठीवरचा तीळ मला ओळखीचा वाटला.

“तू मघाशी येऊन गेलास ना?”

“गेलो ना जी. तवा माह्या नावानं आलतो. आता भावाच्या नावानं आलो. थो वावरात हाय.”

“अरे, पण तपासायचंय त्याला!”

“कायले? रगत तं एकच हाय आमचं!”

फसवायचा विचारही त्याच्या मनात नव्हता. पाहुण्या डॉक्टरची खोटी होऊ नये, म्हणून वेचणी सोडून बिचारा दोनदा आला होता. पण मी मागची यादी उलटली. मागच्या तीन गावांत असे किती भाऊ उभे राहिले असतील? तिन्ही गावं पुन्हा केली. मेश्राम चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, मी तो तीळ बघायलाच नको होता!

•

आमच्या छापील कार्डावर धर्माचा रकाना होता. त्यात बौद्ध नव्हतं, शेवटी ‘इतर’ होतं. एका घरी म्हातारीनं विचारलं, “काय लिवलं?” मी वाचून दाखवलं. तिनं पदर खोचला आणि दारातच उभी राहिली.

“आमी दीक्षेले नागपूरले पायी गेलतो. इतर व्हायले नाई गेलतो!”

मी म्हटलं, “आजी, कार्डावर तसा रकानाच नाही.”

“नाई तं आखून घ्या! पट्टी हाय ना तुमच्यापाशी?”

तिच्या घरची नऊ माणसं तपासायची राहिली असती. कार्डात फेरफार केला तर सर फाडून खातील, ही दुसरी धास्ती. मी मेश्रामकडे बघितलं. त्यानं पट्टी आधीच काढली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मेश्रामच्या घरचेही दीक्षा घेतलेले. इतके दिवस स्वतःच्या माणसांसमोर तो मुकाट्यानं ‘इतर’ लिहीत होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. पुढचे दोन दिवस आम्ही उरलेली सगळी कार्डं आखत बसलो.

•

झरी जामणीकडच्या एका गावात एका गड्याच्या पाठीवर तळहाताएवढा चट्टा होता. मी डोळे मिटायला लावले. पुंजका टेकवला की गडी लगेच, “लागलं!” पुन्हा टेकवला, “लागलं!” एकही चूक नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि ‘रोग नाही’ लिहायला पेन काढलं.

त्याची बायको समोर बसून तूर निवडत होती. मेश्राम तिला म्हणाला, “बाई, पाणी आणता काय जरा?”

ती आत गेली. मी पुंजका टेकवला. गडी गप्प. पुन्हा टेकवला, पुन्हा. तेव्हा कळलं की इतका वेळ दर वेळी तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी सहा वेळा कापूस टेकवला. तो डोळे मिटून शांत बसला होता.

आतून तिनं घाबऱ्या आवाजात विचारलं, “झालं काय जी?”

तो म्हणाला, “अजून सुरूच कुठं केलं त्याईनं!”

•

थिसिस द्यायला आठवडा उरला असताना सरांनी दोन गावांच्या याद्या शेजारी ठेवल्या. एक मी केलेली, एक मेश्रामनं. माझ्या यादीत अनसूया नावाच्या सुनेपुढे शेरा होता, ‘माहेरी गेली.’ मेश्रामच्या यादीत, म्हणजे तिच्या माहेरच्या गावात, त्याच अनसूयेपुढे, ‘सासरी असते.’

सरांनी चष्मा काढला. “मग ही बाई आहे कुठे?”

पहिल्या एस.टी.नं निघालो. सासू म्हणाली, “माहेरी हाय.” दोन कोस चालत माहेरी गेलो. भाऊ वर न बघता म्हणाला, “सासरी हाय.” मला रडू यायचंच बाकी होतं. वर्ष गेलं, हेच एक डोक्यात.

परतताना दोन्ही गावांच्या शिवेवर, नाल्याच्या काठी, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची एक खोपडी दिसली. येताना ती आमच्या नजरेसच पडली नव्हती. दारात एक बाई बसली होती. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

“तुमीच काय यादीवाले डागतर?”

मेश्राम खाली बसला. “हो बाई. नाव काय तुमचं?”

“अनसूया.”

मी दोन्ही याद्या बाहेर काढल्या. तिनं विचारलं, “सासरच्या यादीत मी कुठं हाय?”

मी म्हणालो, “माहेरी.”

“अन् माहेरच्या यादीत?”

“सासरी.”

तिनं मान हलवली. गोळ्या ज्या त्या गावाच्या यादीप्रमाणे वाटायच्या, हे तिला माहीत होतं.

“मंग माह्या गोळ्या कोणत्या गावात भेटन जी?”