तुटलेली ट्यूब आणि माझा उजवा डोळा

डॉक्टरबाईंनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, उजव्या डोळ्यात बारीक प्रकाश सोडला आणि आत नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "याला हायफिमा म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रक्त साठलंय. चेंडू लागला का?"

"नाही. रबरी ट्यूब. वजन उचलताना सुटली."

त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला त्या दिसल्या त्या डाव्या डोळ्यानेच. उजव्यासमोर तांबडा अंधार होता.

ही गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागची. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, टर्नर होतो. बोईसरला राहायचो आणि ड्यूटी सुटली की तिथल्याच एका व्यायामशाळेत जायचो. जोडीला दामू असायचा. तो जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरचा, मासळीचा टेंपो चालवणारा. जिल्ह्याच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत आम्हा दोघांना उतरायचं होतं.

बेंच प्रेस करताना, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनं लावलेला बार छातीवरून वर ढकलताना, मला एक गोष्ट खटकायची. बार छातीपाशी जड लागतो आणि हात सरळ होत आले की हलका होतो. वरही जोर लागावा म्हणून मी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या. वरचं टोक बारला बांधायचं, खालचं जमिनीतल्या हुकात अडकवायचं. बार वर जाईल तसं रबर ताणलं जातं आणि भार वाढतो. हूक मी कारखान्यात लोखंडी पट्टीचे केले. गाठी दामूने मारल्या.

पंधरा दिवस छान चाललं. मग एका संध्याकाळी, हात सरळ होत असतानाच उजवी पट्टी सुटली आणि तिचं टोक डोळ्यावर बसलं. बार एका बाजूला कलला. दामू डोक्याशी उभा होता. त्याने तो पकडला नसता, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

दामूने टेंपोतला बर्फ फडक्यात बांधून डोळ्यावर दाबायला दिला. मी दाबलाही. पालघरच्या इस्पितळात डॉक्टरबाई त्यावरून रागावल्या. "मार लागलेला डोळा कधी दाबायचा नाही. चोळायचा नाही. वरून नुसतं झाकण ठेवायचं आणि निघायचं." हे मी मुद्दाम लिहितोय. कुणाला तरी उपयोगी पडेल.

मला दाखल करून घेतलं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. एक डोळा फिरला की दुसराही फिरतो, म्हणून चांगलाही बांधला. पाठीशी उशा लावून डोकं वर ठेवायचं, म्हणजे रक्त खाली बसतं. वाकायचं नाही, खोकला आला तरी हळू. डोकेदुखीची नेहमीची गोळी बंद, कारण ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं. दिवसातून अनेकदा थेंब आणि रोज इंट्राऑक्युलर प्रेशर, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब, मोजायचा.

"तिसऱ्या ते पाचव्या दिवसाची भीती असते," बाई म्हणाल्या. "तेव्हा पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो."

चौथ्या दिवशी सकाळी तो झाला. डोळ्यात सणक गेली आणि उलटी आली. दाब वाढला होता. बाईंनी औषध बदललं आणि सांगितलं, "दाब उतरला नाही तर आत शिरून रक्त धुऊन काढावं लागेल. नजर किती राहील, ते आज सांगता येणार नाही."

टर्नरचा डोळा म्हणजे त्याचा हात. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस कुणावर तरी उलटतो. दुपारी दामू आला. पावलांच्या आवाजावरून मी त्याला ओळखलं आणि म्हटलं, "तुझी गाठ सुटली. माझा डोळा गेला."

"गाठ बांदलेली मी," तो एवढंच म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही.

दरम्यान दाब उतरू लागला. सुनंदा, माझी बायको, व्यायामशाळेतून माझी पिशवी घेऊन आली. तिथल्या कुणीतरी ती पट्टी आणि जमिनीतून काढलेला तो हूकही पिशवीत टाकले होते. मी म्हटलं, "दे इकडे." डोळे बांधलेलेच होते. बोटांनी चाचपलं.

वरच्या टोकाची गाठ दगडासारखी घट्ट होती, जराही सरकली नव्हती. पट्टी तुटली होती खाली, हुकापाशी. तिथे अर्धं रबर फाटल्यासारखं खरबरीत आणि अर्धं सुरीने कापल्यासारखं गुळगुळीत लागलं. मग हुकाच्या काठावरून अंगठा फिरवला. लोखंड कापल्यावर काठाला बारीक धारदार कड राहते, तिला आम्ही बर म्हणतो. ती कानशीने घासायची, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. या हुकाची मी घासली नव्हती. पंधरा दिवस ती कड रबर कापत होती.

"काय झालं?" सुनंदाने विचारलं.

"हूक माझाच होता," मी म्हटलं. "दामूला बोलाव."

तो संध्याकाळी आला. मी त्याचा हात धरून त्याचं बोट त्या काठावरून फिरवलं आणि म्हटलं, "तुझी गाठ जाग्यावर होती. बार तू धरलास, म्हणून मी आहे. चुकलं माझं. बोललो तेही."

"मना वाटला, माजीच गाठ," तो म्हणाला. "तीन दिस टेंपोची हरेक दोरी सोडून परत बांदली." मग नाक ओढून म्हणाला, "जाऊ दे. पडून ऱ्हा तू. हलू नको."

बाराव्या दिवशी डोळ्यांवरच्या पट्ट्या सुटल्या. रक्त विरघळलं होतं. रेटिना, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, जागेवर होता. पण उजवी बाहुली मोठीच राहिली. उन्हात त्या डोळ्याला अजून काळा चष्मा लागतो, आणि डोळे तपासायच्या तक्त्याच्या खालच्या ओळी त्याने वाचता येत नाहीत. कारखान्यात मला लेथवरून काढून तपासणी विभागात घेतलं. सुरुवातीला वाईट वाटलं, नंतर काम आवडलं.

वर्षाने आम्ही बारला पुन्हा रबरी पट्ट्या लावल्या. आता आधी रबर ताणून उजेडात बघतो. चीर दिसली, रंग उडालेला दिसला की फेकून देतो. रबर उघड्या लोखंडाला लागू देत नाही, मध्ये जाड कापड असतं. खालचं टोक पक्क्या जागीच बांधतो, हलक्या बाकाला कधीच नाही. दोन्ही बाजू मापाने सारख्या. बारवरचं वजन आधी निम्मं करतो, कारण रबराचा भार आकड्यात दिसत नाही. दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करतो, आणि ताणलेल्या पट्टीच्या रेषेत कुणाचंही तोंड येऊ देत नाही. काढताना बार घोडीवर, म्हणजे बाकाच्या खांबांवर, ठेवून आधी पट्ट्या सोडायच्या, मग वजनं. यातलं बरंच मला पहिल्या दिवशीही कळत होतं. घाई होती, एवढंच.

त्या वेळी इस्पितळातून सोडताना बाईंनी बजावलं होतं, "अशा डोळ्याला काही वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. दुखत नाही, कळत नाही. वर्षातून एकदा दाब मोजायला यायचं, जन्मभर. तुम्ही विसराल. आठवण कोण ठेवणार?"

सुनंदा बोलणार, तेवढ्यात दामू म्हणाला, "मी ठेवीन. पावसात होड्या वर ओढल्या का माजा टेंपो रिकामाच असतो."

मला ते बोलण्यापुरतं वाटलं होतं. पण दर पावसाळ्यात मासेमारी थांबून होड्या किनाऱ्यावर आल्या की दोन-चार दिवसांत तो दारात हजर. सातव्या वर्षी मी म्हटलं, "यंदा राहू दे. काही त्रास नाही." तो म्हणाला, "तरास नाय तं बस गाडीत. लगेच येऊ."

त्या दिवशी दाब वाढलेला निघाला. बाईंनी दोनदा मोजला. "वेळेवर आलात," म्हणाल्या. "आतली नस अजून शाबूत आहे. थेंब सुरू करू."

तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ थेंब घालतो. चुकवत नाही. बाहेर येऊन दामूला सांगितलं, तेव्हा तो टेंपोची काच पुसत होता. त्याने मान हलवली, आत बसला आणि माझ्या बाजूचं दार आतून उघडून दिलं.