माहेराहून होडीत बसून

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला माहेरी गेले, ती सासरी परतले होडीत बसून. होडी बैलगाडीवर होती आणि गाडी बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलेली.

माहेर माझं कोऱ्हाळ्याचं. सासर इंदापूर तालुक्यात, एका जुन्या तळ्याच्या काठी. मला न्यायला आमचे हे येतील असं वाटलं होतं, पण गाडी घेऊन मामंजी आले. मामंजी म्हणजे माझे सासरे. साठीला टेकले होते तरी पाठ ताठ. पहिल्या महायुद्धात ते इराकात बसऱ्याला गेले होते आणि तिथल्या नदीतून शिधा नेणाऱ्या शिडाच्या होड्यांवर त्यांनी काम केलं होतं. लढाईचं ते चुकूनही बोलत नसत. बोलत ते वाऱ्याचं. "वल्हं मारायलाच लागत न्हाय, पोरी. शीड वाऱ्याला दिलं की होडी आपली आपन चालती." एवढं तळं दारात, पण त्यात शिडाची होडी काही कुणी आणली नव्हती.

बारामतीत आल्यावर त्यांनी गाडी पेठेतून न नेता कालव्याकडे वळवली. तिथं एका बंगलीच्या आवारात, चिंचेखाली, एक लहानशी होडी पालथी घातलेली होती. तिच्याखाली कोंबड्या बसल्या होत्या. वर्षभर बारामतीच्या बाजाराला आले की मामंजी कुंपणावरून ती बघून येत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

होडी कालव्यावरच्या एका अधिकाऱ्याची. ते वारले होते आणि त्यांच्या पत्नी आता मुलाकडे नागपूरला निघाल्या होत्या. पांढऱ्या लुगड्यातल्या, बारीक अंगाच्या त्या बाई ओट्यावर आल्या.

"आधी दोघं येऊन गेले," त्या म्हणाल्या. "एकाला गुरांना पाणी पाजायला हवी होती, दुसऱ्याला कडबा भिजवायला. तुम्हाला कशाला हवी?"

"वाऱ्यावर चालवाया."

मामंजींनी होडी उलटी-सुलटी करून पाहिली. फळ्यांवर बोटाच्या पेरानं ठोकत गेले. तळातली एक फळी नखानं दाबली तर नख आत गेलं.

"ही मऊ झालीया."

"माहीत आहे मला. म्हणूनच कमी सांगितलं," बाई म्हणाल्या. पैशांचं बोलणं तिथंच मिटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर कोण बसणार?"

"म्या एकटाच हाय की."

"ही दोघांची होडी आहे. एकानं सुकाणू धरायचं आणि दुसऱ्यानं शिडाची दोरी. आमच्या यांच्याबरोबर दोरी मी धरत असे. तुमच्या घरातून कोण धरेल?"

"मंडळीस्नी इचारतो," मामंजी म्हणाले.

"विचारलंत तर त्या नाहीच म्हणतील. मीही म्हटलं होतं. त्यांना बसवणार असं कबूल करा आणि घेऊन जा."

"बसवतो," मामंजी म्हणाले. इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं.

ते आणि माळी होडी गाडीवर चढवत होते तोवर बाईंनी मला जवळ बोलावलं. घडी घातलेलं शीड माझ्या हातात दिलं आणि दोरी कशी धरायची ते दाखवलं. दोरी मुठीला गुंडाळायची नाही, नुसती धरायची, म्हणजे वारा अंगावर आला की सोडता येते. गाडी निघाली तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. ओट्यावरून आत गेल्या.

गाडीत होडीशिवाय जागाच उरली नव्हती, म्हणून मी बोचकं घेऊन होडीत बसले. डोलकाठी मागं लांब बाहेर आलेली, तिच्या टोकाला मामंजींनी लाल फडकं बांधलं होतं. रस्त्यानं जो भेटे तो थांबे.

"आबा, काय हो हे?"

"होडी."

"आन् पानी?"

"घरी हाय."

वाटेत एक मुक्काम करून घरी पोचलो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. त्यांनी होडी पाहिली, होडीत बसलेल्या मला पाहिलं. "सूनबाई, उतर खाली," एवढंच म्हणाल्या, आणि आत जाता जाता भिंतीला ऐकवलं, "म्हातारचळ."

त्यानंतर त्यांनी मामंजींशी अबोला धरला. तो कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता, कारण त्या घरात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांशी बोलतच नसत. "त्यांना सांग, भाकरी झाली," असं आमच्यातर्फे चाले. माझं आणि ह्यांचंही तसंच.

सुतारानं मऊ फळी काढून सागाची बसवली. मामंजींनी फटींत कापूस आणि डांबर भरलं आणि लाकूड फुगावं म्हणून होडी काठालाच पाण्यात बुडवून ठेवली. आबांची होडी पहिल्याच दिवशी बुडाली, ही बातमी गावभर झाली.

शीड उंदरांनी खाल्लं होतं. मी सोप्यात बसून ठिगळं लावत होते. आत्याबाई दोनदा जवळून गेल्या. तिसऱ्यांदा शीड माझ्या हातातून ओढून घेतलं.

"असं टाकं घालत्यात व्हय? वारा धरायचाय का पीठ चाळायचंय?"

त्यांनी आपलं जुनं हिरवं लुगडं फाडलं आणि वाकळ शिवतात तसे दाट टाके घालायला घेतले. त्यांचा हात चालू असताना मी बारामतीच्या बाईंचं बोलणं सांगितलं, मामंजींनी दिलेला शब्दही सांगितला. सुई थोडी थांबली.

"त्या बाईला काय करायच्यात आमच्या पंचायती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शिवू लागल्या.

माघात एका दुपारी दोघं होडीत बसले. आत्याबाई पदर खोचून, तोंड आमच्याकडून फिरवून. काठावर निम्मं गाव. वारा बरा होता. हिरव्या ठिगळांचं शीड फुगलं आणि होडी खरोखरच आपली आपण चालू लागली. कुणी हसलं नाही.

तळ्याच्या मध्यावर वारा पडला. शीड लोंबलं, होडी उभी राहिली. काठावर आमचे हे काळजीत पडले. "वल्ही हायेत की आत. आबा मारत का न्हाईत?" आम्ही बघत राहिलो. माणसं कंटाळून घरी गेली, बगळे परतू लागले, तरी होडी तिथंच. लांबून एवढंच दिसत होतं, की आत्याबाई हात हलवून काहीतरी सांगताहेत आणि मामंजी मान हलवताहेत. मग मामंजी बोलू लागले आणि आत्याबाईंचा हात थांबला.

दिवस कलताना मामंजींनी वल्ही मारत होडी काठाला आणली. मी आत्याबाईंना हात देऊन उतरवलं.

"भ्यालात का?"

"भ्यायचं काय त्यात. बोलत बसलो." चुलीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "बसऱ्याला लई आजारी पडले व्हते म्हनं हे. जगत्यात का न्हाय, असं झालं व्हतं. मला आज कळलं."

पुढं वारा असला की दुपारची भाकरी आटोपून त्या पदर खोचायच्या आणि काठाकडे निघायच्या. निरोप द्यायला मग आमची गरज पडेना.

चैत्रात एकदा मामंजींचा गुडघा धरला होता. आत्याबाईंनी ह्यांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "वारं चांगलं हाय. तुमी दोगं जावा."

मी दोरी धरली, मुठीला न गुंडाळता. ह्यांनी सुकाणू धरलं. पलीकडचा काठ येईपर्यंत ते मला शाळूचं बी सांगत होते, कुठल्या गावचं चांगलं, कुठल्या गावचं फसवं. मी ऐकत होते. लग्नानंतर ते माझ्याशी सलग इतका वेळ पहिल्यांदाच बोलत होते.